समोरच्याला काय करायची मुभा आहे? जपानी अंगझोंबीच्या कला हौसेने शिकणाऱ्यांसाठी

ज्युदो शिकू की आयकिदो, असं मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. विचारणाऱ्याने आधीच ढीगभर व्हिडिओ पाहिलेले असतात आणि त्याच्या डोक्यात 'यातला कोण कोणाला लोळवेल' एवढंच घोळत असतं. या प्रश्नाचं उत्तर मिळूनही हौसेने शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा दुसरा प्रश्न विचारावा. रोजच्या सरावात समोरच्या माणसाला काय काय करायची मुभा आहे? तो हात सोडवू शकतो का? उलट डाव टाकू शकतो का? की ठरल्याप्रमाणे पडणं एवढंच त्याचं काम? वीस वर्षं पांढऱ्या गादीवर आपटून घेतल्यावर माझं असं मत झालं आहे की जपानी झटापटीच्या कलांमधले बहुतेक फरक या एका प्रश्नातून उलगडतात. कुठली कला निवडावी, तिच्यात पहिलं वर्ष कसं काढावं, दुसरीत डोकावावं की नाही, हेही त्यावरून ठरवता येतं.

आधी घराणी समजून घ्या

जुजुत्सू हे एका कलेचं नाव नाही. शेकडो घराण्यांना मिळून ते नाव आहे. घराण्याला जपानीत 'र्यू' म्हणतात आणि 1868 च्या मेइजी क्रांतीआधीच्या परंपरांना 'कोर्यू', म्हणजे जुनी घराणी. ज्ञात घराण्यांतलं एक फार जुनं म्हणजे ताकेनोउची-र्यू. ते ताकेनोउची हिसामोरी यांनी 1532 मध्ये आजच्या ओकायामा भागात सुरू केलं. त्याच्या मुळाशी आखूड शस्त्र हातात घेऊन अंगाला अंग भिडवून लढायचे डाव आहेत. चिलखत घातलेल्या माणसाला ठोसा मारून आपलाच हात मोडायचा. त्यापेक्षा त्याला धरायचं, पाडायचं आणि चिलखताच्या फटीत कट्यार घालायची.

पुढे एदो काळात अडीचशे वर्षं मोठी युद्धं झाली नाहीत. चिलखतं उतरली आणि डाव रोजच्या कपड्यांवर आले. माणसं जमिनीवर बसत, म्हणून गुडघ्यांवर बसल्या जागी करायच्या डावांचा, 'इदोरी'चा, मोठा साठा तयार झाला. आज आयकिदोच्या वर्गात कुणी तुमचं मनगट धरतो तेव्हा 'असं कोण भांडतं?' असं मनात येतं. कमरेला तलवार असलेला माणूस ती उपसायला जातो आणि दुसरा त्याचा हात दाबून धरतो, एवढं डोळ्यांसमोर आणलं की मनगट धरण्याचा अर्थ लागतो.

मेइजी सरकारने 1876 मध्ये तलवार बाळगायला बंदी घातली. सामुराई वर्गच विरघळत चालला होता, जुजुत्सूच्या शाळा ओस पडल्या. त्या पडत्या काळात कानो जिगोरो नावाचा लहान चणीचा तरुण तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू ही दोन घराणी शिकला. पहिल्यात गळा आवळणं आणि सांधे मुरगळणं यांवर भर, दुसऱ्यात फेकण्यावर. 1882 मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा ततामींच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या, जागेत त्याने कोदोकान ही शाळा सुरू केली आणि आपल्या पद्धतीला ज्युदो म्हटलं. हा शब्दही त्याने घडवला नव्हता. जिकिशिन-र्यूमध्ये तो आधीपासून वापरात होता.

दुसरी शाखा दाइतो-र्यूची. ताकेदा सोकाकु हे तिचे फिरते शिक्षक. 1915 मध्ये होक्काइदोत त्यांची गाठ उएशिबा मोरिहेई यांच्याशी पडली. उएशिबांनी त्या डावांना स्वतःच्या अध्यात्माची जोड दिली आणि 1942 पासून त्यांच्या कलेला अधिकृतपणे आयकिदो म्हणू लागले. या दोन शाखांमध्ये वैर होतं, असं समजायचं कारण नाही. 1930 मध्ये उएशिबांचं काम पाहून कानोंनी मोचिझुकी मिनोरु यांच्यासारखे आपले विद्यार्थी त्यांच्याकडे शिकायला पाठवले होते.

तिसरी वाट जमिनीवरच्या झुंजीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या उच्च शाळांत 'कोसेन' नियमांचा ज्युदो रुजला. त्यात खेळाडूला हवं तेव्हा खाली बसून जमिनीवर लढता येत असे. कोदोकानचे माएदा मित्सुयो 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि त्यांच्या शिकवणीतून ब्राझिलियन जुजुत्सू उभं राहिलं. 1951 मध्ये रिओत जपानी ज्युदोपटू किमुरा मासाहिको यांनी ब्राझिलियन जुजुत्सूच्या एलियो ग्रेसी यांना खांदा पिरगळून हरवलं. तो डाव जपानीत 'उदे-गारामी', पण ब्राझिलियन गादीवर आजही त्याला 'किमुरा'च म्हणतात. हरवणाऱ्याचं नाव डावाला देऊन टाकणं मला फार दिलदारपणाचं वाटतं.

सुमो या सगळ्यांहून जुना आणि स्वतंत्र. व्यावसायिक सुमो तुमच्या-आमच्यासाठी नाही, पण हौशी सुमोत वजनगट असतात आणि स्त्रियाही खेळतात. जवळ सोय असेल तर महिनाभर जरूर करावा. पायांतून जोर कसा काढायचा, हे त्याच्याइतकं लवकर कुठेच कळत नाही.

आता तो मुभेचा प्रश्न

जपानी कलांमध्ये सरावाच्या दोन मुख्य रीती. 'काता' म्हणजे ठरलेला क्रम: हल्ला कोणता, उत्तर कोणतं, शेवट कुठे, सगळं आधीच ठरलेलं. 'रांदोरी' म्हणजे मोकळी झुंज. डाव करणारा 'तोरी', ज्याच्यावर होतो तो 'उके'.

कोर्यूमध्ये जवळजवळ सगळा सराव काताचा. उकेला मुभा जवळपास नाही, म्हणूनच तिथे जीवघेणे डाव शाबूत राहिले आहेत. मानेवर येणाऱ्या फेकी, बोटं मोडणं, पाडून वर कट्यार रोखणं, सगळं. बहुतेक आयकिदोत उके मनापासून हल्ला करतो आणि नंतर डावाच्या ओघात जातो. उएशिबांना स्पर्धा मान्य नव्हत्या. अपवाद शोदोकान शाखेचा. तिचे प्रवर्तक तोमिकी केन्जी कानोंचेही शिष्य होते आणि उएशिबांचेही. त्यांनी मऊ नकली कट्यार एकाच्या हातात देऊन मोकळी झुंज आणली. ज्युदोत उकेला नियमांच्या आत सगळं खुलं आहे: तुमचा डाव अडवणं, तो तुमच्यावरच उलटवणं, तुम्हाला आधी पाडणं.

मात्र मुभा वाढते तसे डाव कमी होतात. पूर्ण जोराने झुंजायचं तर जे डाव जोराने केल्यावर माणूस जायबंदी होतो ते वगळावेच लागतात. कानोंची खरी हुशारी इथेच. त्यांनी धोकादायक भाग कातामध्ये बाजूला ठेवला आणि उरलेला भाग सर्व ताकदीनिशी करता येईल असा केला. आज ज्युदोच्या स्पर्धेत सांध्यांपैकी फक्त कोपर पिरगळता येतं. मनगट, बोटं, गुडघा वर्ज्य. 2010 नंतर आंतरराष्ट्रीय नियमांनी पायांना हात घालणंही आधी आवळलं आणि 2013 पासून बंदच केलं. जुन्या ज्युदोकांना हा बदल अजून झोंबतो, मलाही झोंबतो.

म्हणजे ज्युदोवाल्याकडे थोडे डाव, पण ते विरोध करणाऱ्या माणसावर तपासलेले. कोर्यूवाल्याकडे डावांचं भांडार, पण बरेचसे कधीच न तपासलेले. आयकिदोवाला या दोघांच्या मध्ये कुठेतरी. कुठली उणीव आपल्याला चालेल, एवढंच ठरवायचं. घाम, चुरस आणि दर आठवड्याला स्वतःची परीक्षा हवी असेल त्याने ज्युदो घ्यावा. इतिहास, शस्त्रं, शांत एकाग्रता यांत मन रमत असेल त्याने कोर्यू शोधावं, मिळालं तर. पन्नाशीत सुरुवात आहे, गुडघे कुरकुरतात, पण शरीर वळवायला आणि गडगडायला शिकायचं आहे, अशांना मी बहुधा आयकिदो सुचवतो आणि वर एक सूचना देतो: गुडघ्यांवर बसून चालायचा भाग टाळायची परवानगी पहिल्याच दिवशी मागा.

वर्ग निवडताना

कलेच्या नावापेक्षा शिक्षक आणि गादी महत्त्वाची. जपानीत 'मितोरी-गेइको' असा शब्द आहे, म्हणजे बघून केलेला सराव. नाव नोंदवण्याआधी दोन वर्ग कडेला बसून पूर्ण बघा. पहिला पुरेसा नाही. पाहुणा आहे म्हणून पहिल्या दिवशी सगळे नीटच वागतात.

बघायचं काय? सगळ्यांत नवखा विद्यार्थी शोधा आणि तासभर त्याच्यावरच नजर ठेवा. त्याला पडायला कोण शिकवतंय? की पहिल्याच दिवशी झुंजीत ढकललाय? कुणी 'सोड' म्हणून हाताने थाप मारल्यावर पकड लगेच सुटते का? चाळिशीतली, सडपातळ, जाड, स्त्रिया, अशी सगळी माणसं गादीवर दिसतात का, की फक्त विशीतले धटिंगण उरले आहेत? नुसते दांडगेच टिकले असतील तर बाकीचे कुठे गेले याचा विचार करा.

शिक्षकाला एक प्रश्न जरूर विचारा: 'गेल्या वर्षी इथे कोणाला काय लागलं?' प्रामाणिक शिक्षक दोन मिनिटं विचार करून सांगतो. 'आमच्याकडे कोणालाच काही होत नाही' म्हणणाऱ्याकडून मी काढता पाय घेतो. सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी मी हे न विचारताच नाव घातलं आणि तिसऱ्या आठवड्यात खांद्याला पट्टी बांधून घरी बसलो. दोष त्या शिक्षकाइतकाच माझ्या घाईचाही होता.

कोर्यूच्या बाबतीत परंपरा तपासावी लागते, कारण 'सामुराई जुजुत्सू' अशी पाटी कोणीही लावू शकतो. शिक्षकाचे शिक्षक कोण, ते जपानमधल्या मूळ शाळेच्या संपर्कात आहेत का, शिकवायची परवानगी कोणी आणि कोणत्या दर्जाची दिली, हे सरळ विचारावं. खऱ्या घराण्यातला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खुशीत येतो आणि तासभर सोडत नाही. जपानमध्ये 1979 पासून निहोन कोबुदो क्योकाई ही जुन्या घराण्यांची संघटना आहे आणि तिच्या सदस्य शाळा दरवर्षी निप्पोन बुदोकानमध्ये प्रात्यक्षिकं करतात. त्या यादीत नाव असणं हा चांगला पुरावा, मात्र नसलं म्हणजे घराणं खोटंच, असं नाही.

पोशाख

पहिला महिना साध्या ट्रॅकपँटवर आणि जाड टी-शर्टवर चालतो, वर्गाने परवानगी दिली तर. नंतर ज्युदोगीच, म्हणजे ज्युदोचा जाड गणवेशच घ्या, आयकिदो शिकणार असाल तरीही. कराटेचा पातळ गणवेश गळपट्टी ओढताच फाटतो. सुरुवातीला एकेरी विणीचा पुरे. दुहेरी विणीचा जड असतो आणि वाळता वाळत नाही. सुती गी पहिल्या काही धुण्यांत आटतो, तेव्हा थोडा सैल घ्यावा आणि गरम पाणी टाळावं.

डावा पदर उजव्यावर येईल असाच घाला. उलटा पदर जपानमध्ये मृतदेहाला घालतात. कुणी रागावणार नाही, पण गादीवरचे जुने लोक हसतील. प्रत्येक सरावानंतर गी धुवा, नखं कापा, गादीबाहेर चप्पल घाला. गजकर्ण एकाला झालं की महिनाभरात अख्खा वर्ग खाजवत बसतो.

पडायला शिकणं

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. पडण्याच्या कलेला 'उकेमी' म्हणतात. ज्युदो आणि आयकिदो सोडून दिलेल्या माणसांनाही ती आयुष्यभर पुरते. जिना, ओली फरशी, सायकल, कुठेही.

सुरुवात पाठीवर झोपून. हात छातीवर कैचीसारखे, हनुवटी गळ्याला टेकलेली, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. मग दोन्ही हात एकदम अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांत तळव्यापासून कोपरापर्यंत गादीवर आपटायचे. हात जास्त वर गेला तर आपटण्याचा जोर खांद्यात जातो, अंगाशी चिकटला तर तो स्वतःच्याच बरगडीखाली येतो. हे जमलं की उकिडवं बसून मागे लोळा, मग अर्धवट उभं राहून, शेवटी पूर्ण उभं राहून. प्रत्येक टप्प्याला दोन-तीन वर्ग तरी द्या. यात दोन चुका सगळेच करतात. पहिली, पडताना मागे हात टेकणं. मनगट, कोपर किंवा गळ्याजवळचं हाड मोडतं ते यानेच. दुसरी, श्वास रोखणं. आपटताना श्वास सोडा, तोंडाने 'हा' म्हटलं तरी चालेल.

बाजूला पडण्यात पायांकडे लक्ष हवं. एकावर एक पडले की घोट्यांची हाडं एकमेकांवर आदळतात. पुढची गडगडी करंगळीच्या कडेने सुरू होते. हात गोल करून करंगळीची बाजू, मनगट, कोपर, खांदा, तिथून पाठीवरून तिरपं विरुद्ध कमरेपर्यंत. डोकं गादीला लागताच कामा नये. लहानपणी मारलेली सरळ कोलांटी विसरा, तिचा भार मानेवर येतो.

इथे दोन कलांमधला एक छान फरक दिसतो. आयकिदोतला उके गडगडून पुन्हा उभा राहतो. ज्युदोतला उके धप्पकन पडतो आणि तिथेच राहतो. कारण साधं आहे: आयकिदोत तोरी बहुतेक वेळा फेकून सोडून देतो, ज्युदोत तो तुमची बाही सोडत नाही, त्यामुळे गडगडायला जागाच उरत नाही. बाही धरून ठेवणं ही तोरीची जबाबदारीही आहे. तो शेवटच्या क्षणी ती वर ओढतो आणि तुमचं डोकं वाचतं. दुसऱ्याला फेकताना बाही सोडणाऱ्यासोबत मी सराव करत नाही, मग तो कितीही मोठ्या पट्ट्याचा असो.

डोक्याबद्दल गंभीरपणे सांगतो. जपानच्या शाळांमध्ये 1983 नंतरच्या तीन दशकांत ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यांत डोक्याच्या दुखापतींचा वाटा मोठा होता आणि ओ-सोतो-गारी, म्हणजे मागे ढकलत आपल्या पायाने त्याचा पाय कापायचा (उडवायचा) डाव, पुन्हा पुन्हा समोर आला. तो नवख्याला पहिल्या आठवड्यातच शिकवतात, कारण करायला सोपा आहे. घ्यायला मात्र अवघड, कारण माणूस सरळ मागे, डोक्याच्या दिशेने जातो. म्हणून पहिले दोन-तीन महिने 'ओ-सोतो माझ्यावर जोराने नको' असं बिनधास्त सांगा. डोकं आपटलं आणि मळमळ, चक्कर किंवा सुन्नपणा जाणवला तर त्या दिवशीचा सराव संपला. डॉक्टरांनी सांगेपर्यंत गादीवर पाय ठेवायचा नाही. मेंदू सावरण्याआधी बसलेला दुसरा मार पहिल्यापेक्षा घातक ठरतो.

पहिले सहा महिने

ज्युदोत प्रत्येक फेकीचे तीन भाग शिकवतात: 'कुझुशी' म्हणजे तोल ढळवणं, 'त्सुकुरी' म्हणजे आपलं अंग योग्य जागी बसवणं आणि 'काके' म्हणजे प्रत्यक्ष फेक. नवखे फक्त तिसऱ्यावर जोर देतात आणि पाठ दुखवून घेतात. तोल ढळलेला नसेल तर सत्तर किलोचा माणूस सत्तर किलोचाच असतो. ढळला की त्याचं वजन तुमच्या बाजूने काम करतं.

डाव कमी घ्या. कोदोकानच्या आजच्या अधिकृत यादीत 68 फेकी आणि 32 पकडी आहेत. पहिल्या वर्षी तुम्हाला त्यातल्या चार पुरेत: पुढे फेकायची एक, मागे पाडायची एक, पायाची एक आणि जमिनीवर दाबून धरायची एक. पुढे फेकण्यासाठी मी ओ-गोशी सुचवीन, कमरेवरून टाकायची ती साधी फेक. पायासाठी दे-आशी-बाराई, जिला जोर लागत नाही, पण वेळ अचूक साधावी लागते. ती मला साधायला दोन वर्षं लागली आणि अजूनही दहातून तीनदाच लागते.

'उचिकोमी' म्हणजे फेकीच्या आत शिरण्याची आवृत्ती, शेवटची फेक न करता. दहा-दहाच्या फेऱ्या करा, पण दहावीची अवस्था पहिलीपेक्षा वाईट झाली की थांबा. दमून केलेली चुकीची आवृत्ती अंगात मुरली की नंतर काढणं महाकठीण.

रांदोरीत नवखा दोन्ही हात काठीसारखे ताठ करतो आणि बूड मागे काढून उभा राहतो. त्याला पाडणं अवघड जातं आणि त्यालाही वाटतं की आपण छान टिकलो. प्रत्यक्षात त्याने काहीच शिकलेलं नसतं. सरळ उभे राहा, कोपरं सैल ठेवा, पडा. पहिल्या वर्षात आपण किती वेळा पाडलं हे मोजण्यापेक्षा किती वेळा नीट पडलो हे मोजा. अनुभवी जोडीदार मागा. नवखे विरुद्ध नवखे ही गादीवरची सगळ्यात धोक्याची जोडी.

आयकिदो शिकत असाल तर तुमची अडचण उलटी असते: उके फार सहज पडतो. त्यावर उपाय म्हणजे जुन्या जोडीदाराला हळूच सांगणं, 'माझा डाव लागला नाही तर पडू नका.' लगेच कळतं की आपल्या दहापैकी सात डावांत तोल ढळलेलाच नव्हता. हे मात्र संथ गतीत करा. मनगट फिरवताना अचानक केलेला विरोध सांध्याला महागात पडतो.

थाप

गळा आवळताना मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि नीट लागलेल्या डावात माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध होतो. दुखतच असेल असं नाही. त्यामुळे 'दुखलं की थाप मारीन' हा हिशेब इथे चालत नाही. पकड बसली आणि सुटका दिसत नाही, की जोडीदाराच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थापा मारा. हात अडकले असतील तर 'माइत्ता' म्हणा, म्हणजे 'हरलो', किंवा नुसतं ओरडा. पकड घालणाऱ्यालाही तेवढंच भान हवं. कोपर पिरगळताना शेवटचा इंच घाई न करता घ्यायचा. रक्तदाब, मानेचे मणके, जुनी खांद्याची दुखापत असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांशी बोला आणि शिक्षकालाही सांगा.

अंगाने केलेली तुलना

आता या सगळ्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. कलांची तुलना वाचून करू नका. एकच हालचाल धरा आणि ती प्रत्येक घरात काय रूप घेते ते बघा.

ज्युदोचा ओ-सोतो-गारी आणि आयकिदोचा इरिमी-नागे घ्या. दोन्हींत तुम्ही समोरच्याच्या बाजूने आत शिरता आणि त्याला मागच्या कोपऱ्यात वाकवता. ज्युदोत तुम्ही त्याच्या कपड्याला धरून असता, म्हणून तो पाय मागे घेऊन तोल सावरू शकतो आणि तुम्हाला तो पाय कापावाच लागतो. आयकिदोत तुम्ही तो धावून येत असतानाच मानेला वळसा घालता. त्याचे पाय पुढे निघून गेलेले असतात, कापायची गरज उरत नाही. म्हणजे फरक डावात नाही, दोघांमधल्या अंतरात आणि हल्ल्याच्या वेगात आहे. हे कळल्यावर माझा ओ-सोतो सुधारला. समोरचा पुढे येत असतानाच मी आत शिरू लागलो.

दुसरं उदाहरण जमिनीवरच्या दाबाचं. ज्युदोत दाबून धरायचं ते उताणं. केसा-गातामे असो वा योको-शिहो-गातामे, समोरच्याची पाठ गादीला लागलेली हवी, आणि 20 सेकंद धरलं की पूर्ण गुण. दाइतो-र्यू आणि आयकिदोत मात्र शेवटचा दाब बहुधा पालथा असतो: तोंड जमिनीकडे, हात खांद्यातून पिरगळलेला. हे का, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडलाच नव्हता. उताण्या माणसाचे दोन्ही हात मोकळे, त्यातल्या एकात कट्यार असली तर तुम्ही संपलात. पालथ्या माणसाला शस्त्र वापरता येत नाही आणि त्याचे हात बांधताही येतात. उताणा दाब समोरचा निःशस्त्र आहे हे गृहीत धरतो आणि त्याला सुटायची संधी ठेवतो, म्हणून तो झुंजीला योग्य. पालथा दाब शस्त्र गृहीत धरतो. सुमोत तर दाब नाहीच. पायाच्या तळव्याखेरीज अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला की कुस्ती संपली, त्यामुळे पडल्यानंतरचा विचार करायचं कारणच नाही. 4.55 मीटरच्या वर्तुळातून बाहेर गेलं तरी संपली.

तिसरं, मनगटाला बाहेर वळवून पाडणारा कोते-गाएशी. आयकिदोत तो रोजचा. ज्युदोच्या स्पर्धेत तो नाही, पण कोदोकानने 1956 मध्ये पक्क्या केलेल्या स्वसंरक्षणाच्या कातामध्ये सापडतो. 'ज्युदोत मनगटाचे डाव नाहीत' असं ठासून सांगणाऱ्याला हे दाखवा. स्पर्धेत जे दिसतं तेवढाच ज्युदो नाही.

यासाठी एक वही ठेवा. डावाचं नाव, कोणत्या दिशेला तोल गेला, समोरच्याला काय करायची मुभा होती, शेवट कसा झाला. चार ओळी पुरेत.

पट्टे आणि परवाने

रंगीत पट्ट्यांचा सोस जपानबाहेरचा. 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये कावाइशी मिकिनोसुके यांनी ती पद्धत रुजवली. काळा पट्टा म्हणजे गुरुपद, हाही गैरसमजच. पहिल्या काळ्या पट्ट्याला 'शोदान' म्हणतात आणि त्या शब्दातच सुरुवात आहे. कोर्यूत तर पट्टेच नसतात. तिथे गुंडाळी मिळते, डावांची यादी असलेली 'मोकुरोकु' आणि अनेक वर्षांनी, मिळालंच तर, 'मेन्क्यो काइदेन', संपूर्ण विद्या दिल्याचा दाखला. दर दोन महिन्यांनी परीक्षा आणि नवा पट्टा मिळतो असं ठिकाण दिसलं तर आपण नेमकं कशाचे पैसे भरतोय ते मोजा.

दुसऱ्या कलेत जाताना

पहिल्या कलेत किमान दीड-दोन वर्षं काढल्याशिवाय दुसरी सुरू करू नका. त्याआधी केलं तर दोन्ही ठिकाणी तुम्ही नवखेच राहता आणि दोन्हीकडच्या सवयी एकमेकींच्या पायात पाय घालतात. काही कोर्यू शाळा प्रवेशाच्या वेळी लेखी शपथ घ्यायला लावतात आणि इतरत्र शिकण्यावर बंधन घालतात, ते आधी विचारून घ्या.

नव्या दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, पांढरा पट्टा बांधूनच जा, पूर्वीचा कुठलाही असो. 'आमच्याकडे हे असं करतात' हे वाक्य निदान सहा महिने तोंडातून निघता कामा नये. मी ज्युदोतून आयकिदोत गेलो तेव्हा फेकल्यावर बाही सोडायचीच विसरायचो आणि बिचारा उके गडगडायला निघून मध्येच हिसका खायचा. परत ज्युदोला आलो तर समोरचा मनगट धरेल म्हणून वाट बघत उभा, तेवढ्यात पाय निघाला. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक नव्या जोडीदाराला नमस्कार करतानाच सांगून टाका: मी अमुक कलेतून आलोय, हात सोडायला विसरेन, तेव्हा माझ्यासोबत पहिल्या दोन फेकी सावकाश घ्या.